बकरीबद्दल तक्रार नाही: ‘जरा हटके’च्या संपादकांना खुले पत्र

प्रति,
‘जरा हटके’, ‘अजब गजब’, ‘काय सांगता काय!’ अशी सदरं सांभाळणारे सर्व संपादक, उपसंपादक आणि मथळे लिहिणारे यांस,

सप्रेम नमस्कार.

मी तुमचा जुना वाचक आहे. अग्रलेख नंतर, आधी तळाचा कोपरा, अशा जातकुळीचा. दोन डोक्यांचं कासव, स्वतःशीच लग्न लावणारी बाई, चोरी करायला शिरला आणि तिथंच गाढ झोपला, हे सगळं मी चवीनं वाचलेलं आहे आणि घरच्यांना मोठ्यानं वाचून दाखवलेलंही आहे. तेव्हा हे पत्र नाक मुरडणाऱ्याचं आहे असं समजू नका.

गेली अकरा वर्षं मी स्केटबोर्ड करतो. ‘खेळतो’ म्हणावं की ‘चालवतो’, हे मराठीत अजून ठरलेलं नाही. मी दोन्ही म्हणतो. बायको ‘पडतो’ म्हणते. सुरुवात केली तेव्हा पस्तिशी उलटली होती. ज्या वयात लोक गुडघ्याच्या डॉक्टरची चौकशी सुरू करतात, त्या वयात मी गुडघे नव्यानं वापरायला काढले. ह्या अकरा वर्षांत तुमच्या सदरांत आमच्या खेळाच्या जेवढ्या बातम्या दिसल्या तेवढ्या मी कापून ठेवल्या. बुटाचं एक खोकं भरलं. (बूटही ह्याच खेळातले, त्यांच्याबद्दल पुढे सांगतो.) परवा ते खोकं उपडं करून चाळत बसलो. कुत्रा. बकरी. आजोबा. परीच्या कपड्यातली मुलगी. पुन्हा कुत्रा. आणि अधूनमधून पोरं. पडलेली, पडताना, पडायच्या बेतात असलेली.

प्राण्यांबद्दल माझी तक्रार नाही, हे आधीच स्पष्ट करतो. २०१५ साली पेरूच्या लिमा शहरात ३० माणसं ओळीनं पाय फाकवून उभी राहिली आणि त्यांच्या पायांखालून ऑटो नावाचा बुलडॉग स्केटबोर्डवरून सुळकन निघून गेला. गिनीज बुकात त्याची नोंद झाली. ही बातमी कुठल्याही पानावर छापण्यासारखीच आहे. त्याआधी २००९ साली कॅलिफोर्नियातल्या टिलमन नावाच्या बुलडॉगनं १०० मीटर अंतर १९.६७८ सेकंदांत कापलं होतं. २०१२ साली फ्लोरिडातली हॅपी नावाची बकरी स्केटबोर्डवर ३६ मीटर गेली. बकरीचं कात्रण तर मी लॅमिनेट करून घेतलं आहे.

फक्त एक राहून गेलं. टिलमन स्वतः पायानं जमीन रेटून वेग घ्यायचा, मग पाय वर घेऊन अंगाचा भार हलवत वळायचा. नवशिका माणूस नेमका इथंच चुकतो. तो बोर्डवर पुतळ्यासारखा ताठ उभा राहतो आणि बोर्ड वळत नाही म्हणून बोर्डला शिव्या देतो. वळायला खांदे आणि टाचा लागतात, हे मला उमगायला चार महिने लागले. बुलडॉगचं धड जमिनीलगत आणि पाय रुंदावर, म्हणजे गुरुत्वमध्य जागच्या जागी. बातमीत हे एक वाक्य असतं तर वाचणाऱ्याला कुत्रा गोड वाटलाच असता, शिवाय स्केटबोर्ड म्हणजे काय प्रकरण आहे तेही थोडं कळलं असतं. तुम्ही लिहिलंत, ‘या श्वानाचा स्वॅग पाहाच!’

आता ती परी. हे कात्रण माझ्या खोक्यातलं सगळ्यात मोलाचं. २०१५ साली ब्राझीलमधल्या इम्पेराट्रिझ शहरातल्या एका सात वर्षांच्या मुलीचा व्हिडिओ जगभर फिरला. निळा झगा, पाठीला पंख, आणि त्या अवतारात तिनं पायऱ्यांवरून हीलफ्लिप घेतला. हीलफ्लिप म्हणजे उडी मारता मारता टाचेच्या कडेनं बोर्ड असं फिरवायचं की ते हवेत स्वतःभोवती एक गिरकी घेऊन पुन्हा पायाखाली येईल. सात वर्षांच्या पायानं. तुमचा मथळा होता, ‘चिमुकल्या परीनं जिंकली नेटकऱ्यांची मनं’. मनं जिंकली, तीन ओळी झाल्या, बातमी संपली.

तिचं नाव रायसा लिअल. २०२१ साली टोकियोत स्केटबोर्डिंग पहिल्यांदा ऑलिम्पिकमध्ये आलं, तेव्हा १३ वर्षांच्या रायसानं रौप्यपदक घेतलं. सुवर्णपदक जपानच्या मोमिजी निशियाला, तीही १३ वर्षांची. कांस्यपदक फुना नाकायामाला, ती १६ वर्षांची. पुढे २०२४ साली पॅरिसमध्ये रायसानं कांस्यपदकही मिळवलं. म्हणजे तुमच्या सदरातली एक व्यक्ती उठून क्रीडा पानावर गेली आणि तुम्हाला पत्ताही लागला नाही! क्रीडा पानावरच्या मंडळींनाही तो लागला नसावा, कारण त्यांच्याही बातमीत झग्याचा उल्लेख नव्हता. मधल्या सहा वर्षांत ती रोज काय करत होती, हे कुणीच विचारलं नाही.

रोज काय करत होती ते मी सांगू शकतो. तिला मी ओळखत नाही, पण प्रत्येक स्केटर रोज तेच करतो. पडतो, उठतो, बोर्ड कुठं गेलं ते बघतो, आणून पुन्हा त्याच जागी उभा राहतो.

इथं मला गेल्या पावसाळ्यानंतरची एक संध्याकाळ सांगायची आहे. कुठलं वर्तमानपत्र, कुठली वाहिनी ते सांगणार नाही. ज्यांना कळायचं त्यांना कळेल.

आमच्या टोळक्यात एक मुलगी आहे. तेव्हा १७ वर्षांची होती. तिला सगळे धाकटी म्हणतात. बंद पडलेल्या एका इमारतीसमोर चार पायऱ्या आहेत; त्यांच्यावरून किकफ्लिप घ्यायचा तिनं पण केला होता. किकफ्लिप हा हीलफ्लिपचा भाऊ. टाचेऐवजी बोटांच्या बाजूनं झटका द्यायचा, गिरकी उलटीकडे. १९८०च्या दशकात रॉडनी मलन नावाच्या मुलानं तो बसवला. फ्लोरिडात शेतावर राहायचा, तासन्‌तास एकटाच सराव करायचा. त्याच्या आधी, १९७०च्या दशकाच्या शेवटी, तिथलाच ॲलन गेल्फँड हात न लावता बोर्डसकट उडायला शिकला. त्याचं टोपणनाव ऑली, म्हणून त्या उडीलाही ऑलीच म्हणतात. गेल्फँड उतरत्या भिंतींच्या खड्ड्यात उडायचा. मलननं ती उडी सपाट जमिनीवर आणली. आज रस्त्यावर जे काही दिसतं, त्यातलं निम्म्याहून जास्त ह्या एका गोष्टीतून निघालेलं आहे.

असो. त्या संध्याकाळी एक बातमीदार आणि एक कॅमेरावाले दादा आले. ‘तरुणाईचा नवा छंद’ असा काहीतरी विषय होता. (नवा! ऑलीचंच वय चाळिशीच्या पुढे गेलं.) माणसं चांगली होती. आमच्यापैकी प्रत्येकाला नाव विचारलं, वय विचारलं, ‘भीती नाही वाटत?’ विचारलं. धाकटी तिसऱ्या प्रयत्नात पडली. बोर्ड आडवं आलं, ती कोपरावर. सालटं निघालं, बाकी काही नाही. कॅमेरावाले दादा जरा उशिरा वळले होते. ते अगदी मायेनं म्हणाले, “ताई, आणखी एकदा तसंच पडशील का?”

ती पडली. मुद्दाम नाही, चौथा प्रयत्नही फसला. त्यांना हवं ते मिळालं. सहा वाजून दहा मिनिटांनी ती दोघं चहा न घेता निघून गेली, दुसरीकडे कुणाच्या तरी भाषणाला.

खरी बातमी त्यानंतर सुरू झाली. आमच्यातला एकजण पायरीवर बसून मोजत होता. वीस झाले. तीस झाले. चाळीसच्या आसपास बोर्ड नीट फिरायला लागलं, पण पाय एकच पोचायचा. पन्नासाव्याला दोन्ही पाय पोचले, चाकं टेकली, आणि एक खडा आडवा आला. आमच्या चाकांचा व्यास पाच-साडेपाच सेंटिमीटर, आणि ती टणक. वाटाण्याएवढा खडाही त्यांना पुरतो. चाक जागीच थांबतं, माणूस पुढे जातो. न्यूटनचा पहिला नियम आम्हाला कुणी शिकवावा लागत नाही. धाकटी उठली, खडा शोधला, उचलला आणि खिशात टाकला. फेकला नाही. फेकला की परत येतो अशी तिची श्रद्धा आहे.

अंधार पडला. तिथला सुरक्षारक्षक, ज्यांना आम्ही काका म्हणतो, रोज बरोबर साडेसातला शिट्टी मारून आम्हाला हाकलतात. हाकलायचं त्यांचं काम आणि निघायचं आमचं, दोन्ही बाजूंनी कुरबुर नाही. त्या दिवशी साडेसात झाले, ते आले, शिट्टी तोंडाशी नेली आणि विचारलं, “कितवा?” मोजणारा म्हणाला, “चौऱ्याहत्तर.” काका म्हणाले, “एकदाच.” आम्ही सगळे एकदम ओरडलो, “एकदाच म्हणू नका!” आमच्यात ‘शेवटचा’ आणि ‘एकदाच’ हे शब्द वर्ज्य आहेत. ‘हा शेवटचा’ म्हणालात की हाड मोडतं. ‘अजून दोन’ म्हणायचं आणि एकच करायचं, अशी पद्धत आहे. काकांनी मुकाट्यानं कमरेचा टॉर्च काढला आणि पायऱ्यांवर धरला.

८३व्याला बसला. ‘बसला’ म्हणजे काय, ते आवाजात कळतं. फसलेल्या प्रयत्नात चार चाकं चार वेळा वाजतात, मग फळी खडखडते, मग माणूस. बसलेल्यात एकच आवाज येतो, दार घट्ट लागल्यासारखा, आणि त्यामागून चाकांची लांबलचक घरघर. ती घरघर दूर अंधारात जात राहिली. आम्ही सगळे हातातली बोर्डं फरशीवर आपटत होतो. टाळ्यांऐवजी आमच्यात तेच. काकांकडे बोर्ड नव्हतं, त्यांनी टॉर्च कठड्यावर आपटला. काच फुटली. नंतर आम्ही वर्गणी काढून नवी बसवून दिली.

दुसऱ्या दिवशी बातमी आली. मथळा असा: ‘स्टंटबाजी अंगलट! तरुणी थोडक्यात बचावली’.

‘स्टंट’ ह्या शब्दाशी माझं खरं भांडण आहे. मराठी बातमीत स्टंट फक्त तीन प्रकारचे असतात: जीवघेणा, थरारक आणि राजकीय. चालत्या गाडीच्या टपावर उभा राहणारा आणि ८३ वेळा पायऱ्या उतरणारी मुलगी तुमच्याकडे एकाच खणात जातात. आमच्या धंद्यातला शब्द ‘ट्रिक’. आणि ट्रिक ‘करत’ नाहीत, ‘बसवतात’, जसं नाटक बसवतात. रोज तीच वाक्यं, त्याच चुका, आणि मग एक दिवस अंगात मुरतं. तालमीच्या तिसऱ्या दिवशी नट वाक्य विसरला म्हणून ‘नाटक कोसळलं’ अशी बातमी तुम्ही देता का?

पडणं लपवा असंही मी म्हणत नाही. अमेरिकन स्केटर टोनी हॉकचंच बघा. २७ जून १९९९ रोजी त्यानं रॅम्पवर हवेत अडीच गिरक्या घेऊन दाखवल्या, ९०० अंश. तो क्षण पुढे हजार वेळा दाखवला गेला. त्यात दाखवत नाहीत ते असं, की त्याआधी तो त्याच रॅम्पवर त्याच रात्री पुन्हा पुन्हा आपटला होता. स्पर्धेची वेळ संपली होती. बाकीचे स्पर्धक आपापले प्रयत्न सोडून त्याच्याकडे बघत उभे होते. घड्याळ कुणी मानलं नाही. त्याच्या बाबतीत बसलेलं दाखवतात आणि पडणं कापतात, धाकटीच्या बाबतीत पडणं दाखवलं आणि बसलेलं कापलं. दोन्हीकडे मधला सगळा वेळ कचऱ्यात.

हॉकवरून आठवलं. २०२१ साली एका पेयाच्या कंपनीनं त्याचं खरं रक्त काढून रंगात मिसळलं आणि त्या रंगानं रंगवलेले १०० स्केटबोर्ड विकले. ते तुम्ही मोठं छापलंत, फोटोसकट. माझी पसंती मात्र त्याच्या दुसऱ्या एका हकिकतीला. विमानतळावर ओळखपत्र तपासणारी बाई त्याचं आडनाव वाचून म्हणाली, त्या स्केटबोर्डवाल्या टोनी हॉकसारखंच की! तो हल्ली काय करतो कुणास ठाऊक. तो म्हणाला, हेच करतो. असे प्रसंग त्याच्यावर इतके येतात की तो ते स्वतःच लिहून जगाला कळवत असतो. जगातला सगळ्यात प्रसिद्ध स्केटर रांगेत उभा आहे आणि कुणी ओळखत नाही. तुम्हाला ह्यात बातमी दिसत नाही का?

हटके हवं असेल तर आमच्या रोजच्या जगण्यात पुष्कळ आहे. बुटांचंच घ्या. ऑली घेताना मागच्या पायानं फळीची शेपटी जमिनीवर आपटायची आणि पुढचा पाय फळीवरून घासत वर न्यायचा, तेव्हा फळी पायाबरोबर वर येते. फळीवर चिकटवलेला ग्रिपटेप म्हणजे सरळ सरळ पॉलिश पेपर. परिणामी पुढच्या पायाच्या बुटाला करंगळीच्या बाजूनं दोन महिन्यांत भोक पडतं आणि मागचा बूट नवाकोरा राहतो. मी उजवा पाय पुढे ठेवणारा. माझ्याकडे आज सहा डावे बूट शोकेसमध्ये ठेवण्यासारखे आहेत. डावा पाय पुढे ठेवणारा, माझ्याच मापाचा माणूस मिळाला तर दोघांचं आयुष्य मार्गी लागेल. असा एक भेटला होता, पण त्याचं माप अर्ध्या नंबरनं मोठं निघालं. आम्ही दोघंही खूप हळहळलो. कुठला पाय पुढे, हे ठरवायची पद्धतही गंमतशीर आहे: नवख्या माणसाला बेसावध असताना मागून हळूच ढकलायचं आणि तोल सावरायला कुठला पाय पुढे येतो ते बघायचं. त्यावर मैत्र्या तुटलेल्या मी पाहिल्या आहेत.

किंवा मेणबत्त्या. आमच्या प्रत्येकाच्या पिशवीत अर्धी मेणबत्ती असते. दिवे गेले म्हणून नव्हे. कट्ट्याच्या कडेवर मेण घासलं की बोर्ड त्यावरून घसरतं, नाहीतर दगड धरून ठेवतो. किती घासायचं, ह्यावर आमच्यात जितकी भांडणं होतात तितकी कुठल्याही निवडणुकीवरून होत नाहीत. कमी घासलं तर आपण अडकतो, जास्त घासलं तर नंतर येणारा बिचारा नकळत उताणा होतो. आणि तो कट्टा बसायला वापरणाऱ्यांच्या पँटला काळी रेघ लागते, हेही खरं. ती माफी मी ह्या पत्रातच मागून टाकतो.

मग चालण्याचं. स्केटर साधं चालत नाही. फरशी बघत चालतो. कुणाकडे भेटायला गेलो की मी आधी त्यांच्या सोसायटीचा जिना बघतो, मग कठड्याची उंची, मग उतरायला जागा आहे का. माणसं नंतर. बायको कोपरानं ढोसते. परवा तर तीच म्हणाली, “हा कट्टा बरा आहे, पण पुढे गटाराचं झाकण आहे.” अकरा वर्षं वाया गेली नाहीत.

आणि कॅमेरे! प्रत्येकाच्या खिशात झकास फोन असताना आमच्यातली काही शहाणी पोरं सोनीचा व्हीएक्स १०००, म्हणजे १९९५ साली निघालेला कॅसेटवर चालणारा कॅमेरा, शोधून, दुरुस्त करून, जिवापाड जपून वापरतात. माशाच्या डोळ्यासारखी फुगीर भिंग लावली की त्यात चार पायऱ्या चौदा वाटतात, आणि चाकांचा आवाज त्यात जसा येतो तसा कशात येत नाही. ह्यांचा जन्म कॅमेऱ्यानंतरचा आहे.

हे झालं घरगुती. मोठ्या बातम्याही पडून आहेत. नॉर्वेनं १९७८ ते १९८९ अशी अकरा वर्षं स्केटबोर्डवर चक्क बंदी घातली होती. विकायचे नाहीत, वापरायचे नाहीत. पोरं जंगलात जाऊन लाकडी रॅम्प बांधायची, पोलिसांना दिसू नये म्हणून. एका अख्ख्या देशानं चार चाकांच्या फळीची धास्ती घेतली! हे कात्रण माझ्या खोक्यात नाही, कारण तुमच्यापैकी कुणी ते छापलंच नाही.

मला जर विचाराल, की ह्या खेळातली सगळ्यात विचित्र बातमी कोणती, तर मी फिलाडेल्फियाची सांगेन. त्या शहरात एक चौक आहे. त्यात ‘लव्ह’ ह्या शब्दाची लाल अक्षरांची मूर्ती आहे, म्हणून लव्ह पार्क. चौकातले ग्रॅनाइटचे कट्टे आणि पायऱ्या स्केटरांना इतक्या सोयीच्या निघाल्या की जगभरातून पोरं तिथं यायला लागली. २००१ आणि २००२ साली शहरानं एक्स गेम्स ही मोठी स्पर्धा मानानं भरवली. आणि त्याच काळात त्या चौकात स्केटबोर्डिंगला बंदी करून ती कडक केली. तेव्हा एडमंड बेकन नावाचे गृहस्थ पुढे आले. शहराचे जुने नगररचनाकार. ह्या चौकाची कल्पना त्यांनी विद्यार्थिदशेत आपल्या प्रबंधात मांडली होती. ऑक्टोबर २००२ मध्ये, वयाच्या ९२व्या वर्षी, ते चौकात आले आणि बंदी मोडून स्केटबोर्डवर उभे राहिले. दोन्ही बाजूंनी लोकांनी धरलं होतं. तसेच ते थोडंसं अंतर पुढे गेले. ज्यानं चौक कल्पिला तोच त्या चौकातला नियम मोडायला येतो, तोही नव्वदीत.

हे तुम्हाला ‘आजोबांचा भन्नाट अंदाज’ म्हणून छापता आलं असतं, आणि तसं कुणीतरी छापलंही असेल. पण पुढचं ऐका. २०१६ साली तो चौक उखडून नव्यानं बांधायला घेतला. ज्या दगडांवरून पोरांना वर्षानुवर्षं हाकललं, ते ग्रॅनाइट निघालं. त्यातलं काही समुद्र ओलांडून स्वीडनला, माल्मो शहरात गेलं. का, तर त्या शहराला ते स्केटिंगसाठी हवं होतं. माल्मो हे शहरच तसं आहे. तिथल्या एका हायस्कुलात स्केटबोर्डिंग हा अभ्यासक्रमाचा भाग आहे. एका शहरानं ज्या दगडापायी पोरांना गुन्हेगार ठरवलं, तोच दगड दुसऱ्या शहरानं ठेवा म्हणून मागून नेला. मेणाच्या काळ्या रेघांसकट नेला असेल अशी माझी आशा आहे.

टोकियोची आणखी एक. महिलांच्या पार्क प्रकारात, म्हणजे उतरत्या भिंतींच्या खड्ड्यातल्या स्पर्धेत, जपानची मिसुगु ओकामोतो पदकाची मोठी दावेदार होती. शेवटच्या फेरीत ती पडली आणि चौथी आली. रडत बाहेर आली, तर ज्यांच्याशी तिची स्पर्धा होती त्या वेगवेगळ्या देशांच्या मुलींनी तिला उचलून खांद्यावर घेतलं. तुम्ही सगळ्यांनी ‘खिलाडूवृत्तीचं दुर्मिळ दर्शन’ लिहिलंत. संपादक महोदय, दुर्मिळ कसलं! आमच्याकडे ते मंगळवारीही होतं, गुरुवारीही होतं. जी पडली तिनं काय करायचा प्रयत्न केला, हे तिथल्या प्रत्येकीला दिसलेलं असतं. कारण प्रत्येकजण तिथंच कधी ना कधी पडलेली असते.

मागणं फार नाही. पुढच्या वेळी कॅमेरा घेऊन याल तेव्हा उतरायच्या जागेत उभे राहू नका, तिथं आम्हाला यायचं असतं. ‘भीती नाही वाटत?’ ऐवजी ‘कितवा प्रयत्न?’ विचारा. पोरं मनापासून सांगतील, आणि खोटं सांगितलंच तर बाकीचे हटकतील. कुणाला पुन्हा पडायला सांगू नका. आम्ही तसेही पडणारच आहोत, थोडी कळ काढा. आजोबा दिसले तर वय जरूर छापा, पण सोबत एवढंही छापा की पॅरिसच्या ऑलिम्पिकमध्ये ब्रिटनचा अँडी मॅकडोनल्ड ५१व्या वर्षी उतरला होता, आणि त्याच ऑलिम्पिकमध्ये चीनची जंग हाओहाओ ११ वर्षांची होती. एकाच खेळात दोघंही. आणि येताना मेणबत्ती आणा, आमची संपत आली आहे.

बकरीची बातमी आली तर नक्की छापा. मी कापून ठेवीन.

सोबत तुमच्या सदरासाठी एक बातमी पाठवतो आहे. तळाच्या कोपऱ्यात मावेल एवढीच आहे. जुनी झाली आहे, पण चुकीची छापली गेली होती म्हणून दुरुस्ती समजून घ्या.

“चार पायऱ्यांवरून किकफ्लिप बसला. प्रतिनिधीकडून: एका १७ वर्षीय मुलीनं संध्याकाळी पावणेआठच्या सुमारास चार पायऱ्यांवरून किकफ्लिप बसवला. याआधीचे ८२ प्रयत्न फसले होते. त्यांपैकी दोन या वृत्तपत्रानं पाहिले. उजेडाची व्यवस्था सुरक्षारक्षकांनी केली. घटनास्थळावरून एक खडा ताब्यात घेण्यात आला आहे. मुलीच्या कोपराला खरचटलं असून बोर्डच्या शेपटीला चीर गेली आहे. दोघांचीही प्रकृती स्थिर आहे.”

आपला,
उजवा पाय पुढे ठेवणारा एक वाचक